मागचं तेवढं काढ

१

मनगट मोडलं म्हणून माझ्या हातात पेन्सिल आली. नाहीतर शाळेची पायरी न चढलेली बाई मी, सही म्हणजे अंगठा. न्हाणीघरात पाय घसरला, उजवं मनगट गेलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं अशी आखडली होती की कपाचा कानही धरवेना. डॉक्टर म्हणाले, रबरी चेंडू दाबत बसा. मी काय तान्हं मूल आहे चेंडू दाबत बसायला?

आमच्या खालच्या मजल्यावर एक पेंटर राहतात. हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून घरी असतात. ते म्हणाले, "वहिनी, चेंडू द्या फेकून. रोज सकाळी एक चित्र काढा. समोर दिसेल ते. बोटं आपोआप सुटतील."

त्यांचा एकच दंडक होता, खोडायचं नाही. "चुकलं तर चुकलेलंच राहू द्या. खोडरबर आला की डोळा आळशी होतो. आजची चूक उद्याच्या कागदावर सुधारायची."

पहिल्यांदा नळ काढला, मग किटली, मग दाराची कडी. वस्तू बिचाऱ्या हलत नाहीत, पण बोलतही नाहीत. मला कंटाळा आला. मग मी ह्यांना धरलं. आमचे हे चहा झाला की खिडकीपाशी खुर्चीत बसून रेडिओवर बातम्या ऐकायचे. ऐकायचे कसले, भांडायचे. बातम्या देणाऱ्या बाईला म्हणायचे, "खोटं बोलतेस! काल काय सांगितलंस?" तोंड चालू, पण मान स्थिर. मला तेवढं पुरे होतं.

"रोज रोज काय पुतळ्यासारखं बसवतेस मला," म्हणायचे.

"पुतळ्याला तोंड नसतं," मी म्हणायची. "बसा गप."

माझ्या चित्रात दोन गोष्टी कधी साधल्या नाहीत. एक म्हणजे डावा कान. तो नेहमी बोटभर खाली उतरायचा. दुसरी म्हणजे कपाळावरची आठी. ह्यांच्या दोन भुवयांच्या मध्ये एक उभी आठी होती, लग्नाच्या दिवशीही होती. ती मी काढायला गेले की कागदावर कोळी बसल्यासारखा दिसायचा. म्हणून मी ती सोडूनच द्यायला लागले. चित्र बघून हे म्हणायचे, "हा कोण आणलास घरात? माझा धाकटा भाऊ?"

ह्यांना भाऊ कुणी नव्हताच. आम्ही दोघंही हसायचो.

२

मग एक दिवस चित्र जमलं.

खरंच जमलं. पेन्सिल उचलून कागद लांब धरला आणि माझाच माझ्यावर विश्वास बसेना. कागदावर जे होतं ते खुर्चीत होतं, खुर्चीत होतं ते कागदावर. मी चप्पल न घालताच खाली धावले.

पेंटरांनी कागद नाकाशी नेला. "वहिनी! अहो, दादा बसलेत हो समोर!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाट्या रंगवून हात झिजले, पण असा माणूस मला नाही कधी पकडता आला."

मी हवेत तरंगत जिना चढले. मधल्या वळणावर थांबले, पुन्हा एकदा बघावं म्हणून कागद उलगडला.

डावा कान बोटभर खाली होता.

मी मनाशी म्हटलं, तुझी चूक तशीच आहे की मग. मग जमलं कसं? हात काही सुधारला नव्हता. रेघ तीच, कान तोच, आठी नाहीच. तरी चित्र समोरच्यासारखं होतं.

घरात गेले. हे खिडकीशीच होते. माझ्याकडे बघून हसले. चष्मा एका बाजूला कलला होता. किती वर्षांचा तो चष्मा, त्याच दोन कानांवर बसलेला, कधी कलला नव्हता.

म्हातारपणी कान लोंबतात, हे मलाही ठाऊक आहे. माझ्या सासऱ्यांचे लोंबले होते. पण दोन्ही लोंबले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने एक काडी वाकवून चष्मा सरळ बसवला. "बाबा, पडला होतात का कुठे?" त्याने विचारलं. हे नुसते हसले. चष्मेवाल्याला ह्यांनी एकदा काचेवरच्या ओरखड्यावरून दुकानाबाहेर उभं करून झापलं होतं. तो बिचारा बघतच राहिला.

मीही.

३

तुम्ही म्हणाल, म्हातारा निवळला, बायकोनं पेढे वाटावेत. मीही तसंच म्हटलं. चहात साखर कमी पडली तरी कुरकुर नाही. रेडिओ लावायचा, पण बाईशी भांडण नाही, दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकायचं. पेंटरांनी मला रंगांची पेटी दिली होती. त्यातली निळी वडी सोडून बाकीच्या तडकलेल्या, म्हणून मी ह्यांचा शर्ट रोज निळाच रंगवायची. तर हे रोज निळाच शर्ट घालायला लागले. मी हसले. एकटीच हसले.

आणि लेक घरी आली.

ही गोष्ट सांगायला हवी. आमची एकुलती लेक नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हा ह्यांनी दारातच तिची पेटी उचलून बाहेर ठेवली होती. "मला मुलगी नाही," म्हणाले. तेव्हापासून ती दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत राहते, एका दवाखान्यात एक्स-रे काढते. आम्ही मायलेकी जिन्यात भेटायचो, चोरासारख्या. बापाची चाहूल लागली की ती वाक्य अर्धं टाकून खाली उतरायची.

त्या दिवशी जिन्यात बोलत होतो, वरून दार उघडलं. ती पळायला लागली.

"बाळ," वरून आवाज आला. "पायरीवर काय बसलीस? आत ये ना."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. अशी, की पडणार आहे आणि मी धरावं. मी धरलं. आत गेल्यावर ती बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून इतकी रडली की शेजारीण विचारायला आली, कोण गेलं म्हणून.

"कुणी नाही गेलं," मी म्हटलं. "आलं आहे."

मला आनंद झाला नाही असं नाही. मी देवाला हात जोडले. पण ह्यांनी तिला जन्मात कधी बाळ म्हटलं नव्हतं. लहान असतानाही नाही. 'अगं ए' म्हणायचे. मलाही तेच, तिलाही तेच, दोघींपैकी कुणाला हाक मारली ते आवाजावरून ओळखायचं.

आणखी एक होतं. रोज अंघोळीनंतर मी ह्यांच्या पाठीला मलम चोळायची. वर्षानुवर्षांची सवय. आता मी डबी घेऊन गेले की हे भिंतीला टेकून उभे राहायचे. "राहू दे. दुखत नाही." खोलीतून बाहेर जाताना आधी मला जाऊ द्यायचे. आणि मी नाहीच हलले, तर तोंड माझ्याकडे ठेवून, हातानं चौकट चाचपत मागे मागे जायचे. उतारवयात तोल सांभाळण्याची प्रत्येकाची एकेक तऱ्हा असते, मी स्वतःला समजावलं. पण मला मात्र जाता-येता माझीच मान मागे वळवायची खोड लागली.

४

केस कापायचे झाले. कोपऱ्यावरचा न्हावी आमच्या ओळखीचा, तोंडानं कात्रीपेक्षा जलद. मी ह्यांना तिथे सोडलं आणि शेजारच्या दुकानातून साबण घेतला. परत आले तर कात्रीचा आवाज येत नव्हता, न्हाव्याचाही नाही.

हे खुर्चीत बसले होते, पांढरं फडकं गुंडाळून. समोरच्या आरशात मला बघून हसले. न्हावी त्यांच्या मागे उभा. हात वर, कात्री उघडी, तशीच. अर्धं गिऱ्हाईक सोडून तो कधी थांबलेला मी पाहिला नव्हता.

"काय रे, झालं?" मी विचारलं.

त्यानं कात्री खाली ठेवली. अगदी हळू, काच असल्यासारखी. फडकं सोडलं आणि खुंटीला अडकवलेली ह्यांची शाल, हल्ली हे कायम पांघरायचे ती, स्वतःच्या हातानं डोक्यावरून नीट ओढून दिली. नंतर मला दुकानाबाहेर घेऊन आला.

"आजी, बाबांना परत आणू नका."

"का? काय झालं? उवा आहेत का?"

मी विनोद केला होता. तो हसला नाही.

"पुढचे केस मी कापले," म्हणाला. "मागचे..." आणि स्वतःच्याच मानेवर हात ठेवला, ती आहे ना बघायला. "आजी, माझं दुकान आहे, मला लेकरं आहेत. मला काही विचारू नका. तुम्ही कधी बघितलं नाही का मागून?"

मी म्हटलं, "रोज समोर बसून चित्र काढते. समोरूनच बघते."

"मग समोरूनच बघा," तो म्हणाला आणि पैसे न घेता आत गेला.

घरी येताना हे माझ्या मागून चालत होते. दर वेळी मी मागे वळले की हसत होते.

५

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराचं दार जरासं उघडं राहिलं होतं. दाढीच्या साबणाचा वास येत होता. फटीतून मला त्याचा चेहरा दिसत होता, बाजूनं, कान खाली. हातात वस्तरा.

तो आरशात बघत नव्हता. आरशावर माझा कागद चिकटवला होता. परवाचा. त्याच्याकडे बघून तो दाढी करत होता. एक हात फिरवायचा, थांबायचा, कागदाकडे बघायचा, मग बोटानं गाल दाबून जरा वर सरकवायचा, टोपी नीट करावी तसा. भुवयांच्या मध्ये बोट फिरवून पाहिलं, तिथं काही उगवलंय का. नव्हतं. तेव्हा समाधानानं मान हलवली.

मी ओरडले नाही. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. डोकं म्हणत होतं, अगं, बायकोच्या चित्राचं कौतुक म्हणून लावलं असेल आरशावर. हात म्हणत होते, घास.

त्या दिवसापासून मी चित्र काढायचं थांबवलं. मनगट दुखतं म्हटलं.

तो तरीही रोज वेळेवर खुर्चीत येऊन बसायचा, निळा शर्ट घालून, चेहरा उजेडात धरून. मी समोर बसून हातातलं काहीतरी शिवायची. आठवडाभरात त्याच्या ओठांची कड पुसट झाली. पेंटर रेघेवर अंगठा फिरवतात ना, तशी. बोलला की शब्द यायचे, पण कुठून आले ते नीट कळायचं नाही.

"काढत नाहीस आताशा," म्हणाला.

"दुखतं."

"माझं पुढचं राहू दे मग." त्यानं शाल घट्ट ओढली. कडक ऊन खिडकीतून आत आलं होतं. "मागचं तेवढं काढ ना माझं. एकदाच. मागून फार गार लागतं गं."

इतकं गरीब तोंड करून म्हणाला की क्षणभर माझा जीव कळवळला. मग मला आठवलं, ह्यांनी माझ्याकडे जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. मागायची वेळच येऊ द्यायचे नाहीत. आधी ओरडायचे.

मला माझा माणूस परत हवा होता. आठीसकट, ओरडण्यासकट. हे कुठं आहेत ते मला ठाऊक नव्हतं, पण एवढं कळलं होतं की आत यायला ह्यांना कुठलीतरी एक बाजू उघडी राहायला हवी. ती मी बुजवणार नव्हते.

६

लेकीला मी जिन्यातच गाठलं, जुन्या सवयीनं.

"घरात जो बसलाय तो तुझा बाप नाही," मी म्हटलं. उगाच फिरवून बोलण्याची माझी पद्धत नाही. "मला वेडी म्हण हवं तर. पण तो पाठ दाखवत नाही. न्हाव्यानं काहीतरी पाहिलंय. तो माझ्या चित्राकडे बघून चेहरा नीट बसवतो."

"आई, बाबांना 'तो' म्हणतेस?"

"दुसरं काय म्हणू?"

मला वाटलं होतं ती माझं कपाळ चाचपेल, ताप आहे का बघेल. ती पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. तेच मला आधी दिसलं.

"मागच्या महिन्यात त्यांना खोकला होता ना," ती म्हणाली. "मी त्यांना दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. मीच काढला, मीच धुतला."

"मग?"

"फाडून टाकला."

"काय होतं त्यात?"

तिनं मान हलवली. नाही सांगणार.

"म्हणजे तुला माहीत होतं," मी म्हटलं. "मी रात्रंदिवस डोकं फोडतेय, मला भ्रम झालाय का म्हणून, आणि तू मूग गिळून बसलीस? माझ्या हातचा चहा पीत?"

"आई, ते मला बाळ म्हणतात."

"तो म्हणतो!"

"कोण का असेना!" तिचा आवाज जिन्यात घुमला. मग ती एकदम हळू झाली. "मी माझी पेटी उचलून उतरत होते तेव्हा तू कुठं होतीस? आत होतीस. दाराच्या मागे. तुझा माणूस ओरडत होता आणि तू दाराच्या मागे उभी होतीस. आता मला आत घेणारं कुणीतरी भेटलंय. तुला तो जुना परत हवाय. मला पुन्हा जिन्यात बसवायला."

मी पोटात घेतलं ते. पण हेही सांगते, खालच्या मजल्यावर दार करकरलं, पेंटर ऐकत होते, आणि त्यांनी मान खाली घातली. माणूसच चित्रासारखा झालाय, हे त्यांनाही कळलेलं होतं. जमलेलं चित्र बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते कौतुकानं नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. खोडू नका म्हणणारा माणूस. मला एका शब्दानं बोलला नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "ते कुणाला त्रास तर देत नाहीत ना?"

७

सकाळी उठून बाहेर आले तर लेक आलेली होती. टेबलावर नवा कागद, टोक केलेली पेन्सिल, भांड्यात पाणी, रंगांची पेटी. नव्या वड्या आणल्या होत्या तिनं. खुर्ची फिरवलेली होती. पाठ माझ्याकडे.

तो बसला होता. शाल डोक्यावरून, खिडकीकडे तोंड करून. रेडिओ बंद होता.

"आई," लेक म्हणाली, "फक्त एकदा. मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही."

"मी काढणार नाही."

"नको काढूस. बघ तरी." आणि तिनं शाल ओढून घेतली.

मी डोळे मिटून घ्यायला हवे होते. पण रोज समोरचं बघायची सवय लागलेले डोळे, ते मिटले नाहीत.

मागे काही नव्हतं असंही म्हणता येत नाही. कागद उलटा केला की दाबून काढलेल्या रेघा कशा उठून दिसतात, तसं काहीसं कडेला होतं. आणि त्या कडेच्या आत खोली होती. म्हणजे जागा. लांबलचक, घराच्या बोळासारखी, आणि बोळाच्या टोकाला उजेड. गार वारा येत होता तिकडून. माझ्या कपाळावरचे केस हलले.

आणि आवाज. रेडिओचा. आमचा बंद होता, तरी बातम्या देणारी बाई बोलत होती, आणि तिच्यावर कुणीतरी खेकसत होतं, "खोटं बोलतेस! काल काय सांगितलंस?"

मी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. बोळाच्या टोकाशी कुणीतरी बसलेलं होतं, माझ्याकडे पाठ करून. जुना राखाडी स्वेटर, कोपराला मी लावलेलं ठिगळ.

"अहो!" मी हाक मारली. "अहो, मी आहे! या ना इकडे! दार उघडं ठेवलंय मी!"

खेकसणं थांबलं.

ह्यांना ऐकू आलं होतं. बायकोला कळतं ते. ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचं असलं की ह्यांचा डावा खांदा किंचित वर जायचा, जेवायला हाक मारली, लेकीचा विषय काढला, मी मनगट मोडून न्हाणीघरातून हाक मारली, तेव्हाही. तो खांदा वर गेला. तेवढाच.

मग एक हात लांब झाला आणि रेडिओचा आवाज वाढला.

कुणी ओढून नेलं नव्हतं ह्यांना. कुणी कोंडलं नव्हतं. ते तिथं निवांत होते, आणि माझ्यासमोर बसायला दुसरं कुणीतरी होतं.

"आई?" लेक म्हणाली.

खुर्चीत बसलेला नुसता थंडीनं कापत होता, आणि माझ्याकडे वळून बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

मी पेन्सिल उचलली. मनगट अजिबात दुखत नव्हतं.

"खुर्ची जरा उजेडात घे," मी लेकीला म्हटलं. "आणि त्याला सांग, मान हलवायची नाही. मला वेळ लागेल."